उन्हाची सवय आणि इतरांची सोय

एप्रिल लागला, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४४-४५ वर गेला, की एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. दुपारी १२ ते ४ उघड्यावरची कामं बंद ठेवावीत असं कुणी सुचवलं की लगेच उत्तर येतं, "अहो, आपल्या माणसांना उन्हाची सवय आहे. ही थेरं थंड देशातल्या लोकांची." त्याला कुणीतरी मानववंशशास्त्राची फोडणी देतो: आपली कातडीच उन्हासाठी घडलेली आहे, हजारो वर्षांत शरीरं तयार झाली आहेत वगैरे. मग दुसरी बाजू खवळते. शरीरं वेगळी असतात हे म्हणणंच वर्णवादी, माणूस इथून तिथून सारखाच, हवामानाप्रमाणे शरीर घडतं ही वसाहतवाल्यांनी पसरवलेली कंडी. दोन्हीकडून टाळ्या पडतात आणि स्लॅबवर घमेली उचलणारी बाई असते तिथेच असते.

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा लढला जातो आहे. हवामानाप्रमाणे, उंचीप्रमाणे, आहाराप्रमाणे माणसांची शरीरं बदलली, हे खरं आहे आणि ते नाकारून काही साधत नाही. पण ते बदल कसे झाले, किती काळ लागला आणि त्यांची किंमत कुणी मोजली, हे एकदा नीट पाहिलं की 'सवय आहे' हे वाक्य कुणालाही उन्हात उभं ठेवायचं कारण उरत नाही. ज्या विज्ञानाचा दाखला देऊन दुपारची सुट्टी नाकारली जाते, तेच विज्ञान सुट्टीच्या बाजूने साक्ष देतं.

सुरुवात उन्हापासून नको, तिबेटपासून करू, कारण शरीर प्रदेशाशी जुळतं म्हणजे काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. ४००० मीटर उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६० टक्केच प्राणवायू मिळतो. आपण लेहला उतरलो की डोकं धरतं, दम लागतो. चारेक दिवसांत बरं वाटायला लागतं, कारण श्वास आपोआप खोल आणि भरभर होतो; पुढच्या काही आठवड्यांत शरीर तांबड्या पेशीही वाढवतं. पण हा उपाय फार दिवस चालला तर रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षं तिथे राहतात, तरी त्यांच्यातल्या काहींना ऐन उमेदीत याच दाट रक्ताचा आजार जडतो. कार्लोस मोंखे या पेरूच्या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तिबेटी माणसाचं रक्त मात्र त्या उंचीवरही फारसं दाट होत नाही. २०१० साली त्यामागचा एक जनुक सापडला, ईपास-१. त्याचं तिबेटी रूप डेनिसोव्हन नावाच्या लुप्त मानवजातीकडून आल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. इथिओपियाच्या डोंगराळ भागातल्या अम्हारा लोकांनी तिसरीच वाट काढली आहे. तीन पर्वत, तीन उत्तरं. म्हणजे 'उंचीवर राहणारं शरीर' असा एकच साचा निसर्गाकडेही नाही.

आता यातली कुणी न सांगणारी बाजू. मानववंशशास्त्रज्ञ सिंथिया बील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिबेटी गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या रक्तात आनुवंशिकतेने प्राणवायू जास्त टिकत होता, त्यांची जास्त मुलं जगली होती. ज्यांच्यात तो कमी होता, त्यांची लहान मुलं जास्त दगावली होती. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. ती तुमच्या-माझ्या अंगात होत नाही, सरावाने येत नाही, चिकाटीने मिळत नाही. गावातल्या एका घरात मूल जगतं, शेजारच्या घरात जात नाही, असं शेकडो पिढ्या चाललं की मग आपण ऐटीत म्हणतो, 'हे लोक उंचीला सरावलेले आहेत.' कुठल्याही समूहाचं शरीर एखाद्या परिस्थितीशी जुळलेलं आहे असं ऐकलं, की पहिला प्रश्न हा विचारायला हवा: जुळेपर्यंत किती गेले?

आपल्याकडे यासाठी तिबेटपर्यंत जायची गरज नाही. गडचिरोली, नंदुरबार इथे सिकलसेल (तांबड्या पेशींचा एक आनुवंशिक आजार) हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो. आई-बापांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर माणूस नुसता वाहक असतो, सहसा धडधाकट राहतो आणि लहानपणी जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. दोघांकडून आला, तर आयुष्यभर कळा, रक्त चढवणं, दवाखान्याच्या फेऱ्या. मलेरियाच्या जंगलात टिकून राहण्याची ही 'सोय' म्हणायची, तर दोन वाहकांच्या पोटी येणाऱ्या दर चौथ्या मुलाच्या जिवावर उभी राहिलेली. त्या जिल्ह्यांतल्या एखाद्या आईला जाऊन कुणी सांगावं, की बाई, तुमच्या लोकांना मलेरियाची सवय आहे! पण उन्हाच्या बाबतीत आपण हेच वाक्य बेधडक बोलतो.

आणि उन्हाच्या बाबतीत तर ते अधिकच पोकळ आहे. मुळात माणूस हा प्राणीच उष्ण प्रदेशातला. अंगावरचे केस विरळ झाले, २० ते ४० लाख घर्मग्रंथी आल्या, दोन पायांवर उभं राहिल्यामुळे डोक्यावरचं ऊन कमी अंगावर पडू लागलं. हा सगळा वारसा आफ्रिकेतला आहे आणि तो जगातल्या प्रत्येक माणसाकडे आहे, नॉर्वेतल्या माणसाकडेसुद्धा. थंडीने माणसाला नवीन काहीतरी करायला लावलं: हातपाय आखूड, धड रुंद, ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये चरबी पचवण्याचे वेगळे जनुकीय बदल. उष्णतेसाठी मूळची यंत्रणाच पुरेशी होती. रंगाचं म्हणाल तर काळी कातडी अतिनील किरणांपासून रक्तातलं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) वाचवते, आणि गर्भ नीट वाढण्यासाठी फोलेट लागतं. नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली ही मांडणी केली आणि ती बरीच टिकली आहे. पण अतिनील किरण वेगळे आणि उष्णता वेगळी. गडद कातडी ऊन परतवत नाही, उलट ते जास्त शोषते. 'आपला रंगच उन्हासाठी' म्हणणाऱ्याने काळा शर्ट घालून मेमध्ये एक दुपार काढावी.

मग ज्याला आपण सवय म्हणतो ती काय आहे? ती आहे, खरी आहे, पण ती जनुकांत नाही. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, नाडी कमी धावते. हे पुण्यातल्या माणसाचं होतं, लंडनच्या माणसाचंही होतं. आणि काम थांबलं की काही आठवड्यांत सगळं ओसरतं. कोरियाच्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या स्त्रिया, हेन्यो, हिवाळ्यातही नुसत्या सुती कपड्यात समुद्रात उतरत. थंडीच्या दिवसांत त्यांच्या शरीराची भट्टी इतरांपेक्षा जास्त पेटलेली असे, हे मोजलं गेलं होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रबरी पोशाख आले आणि काही वर्षांतच ते वेगळेपण नाहीसं झालं. बायका त्याच, समुद्र तोच. जी गोष्ट पोशाख बदलल्यावर जाते तिला वंशाची देणगी कसं म्हणायचं?

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींनी हा धडा फार पूर्वी गिरवला होता, तोही दयेपोटी नव्हे, हिशेबापोटी. खाणी खोल गेल्या तसा खडक तापू लागला. धूळ बसावी म्हणून पाणी मारत, त्यामुळे हवा दमट, घाम वाळेना. मजूर उष्माघाताने मरू लागले. हे सगळे आफ्रिकन मजूर होते, म्हणजे त्या काळच्या गोऱ्या समजुतीप्रमाणे जन्मतःच उन्हाला बनवलेले. १९३०च्या दशकात खाणीचे डॉक्टर ड्रिओस्टी यांनी मजुरांच्या चाचण्या घेतल्या, तर दिसलं की कोण किती उष्णता सोसेल हे माणसागणिक वेगळं आहे आणि तयारीशिवाय कुणालाच खाली पाठवणं शहाणपणाचं नाही. पुढे नव्या मजुरांना तापवलेल्या दमट खोल्यांत रोज काही तास पायरीवर चढ-उतार करायला लावून, दिवसागणिक काम वाढवत, मगच खाली सोडू लागले. माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेलाही कळलं होतं की सवय ही द्यावी लागते आणि ती द्यायला दिवस लागतात. आमच्या ठेकेदाराला ती गावाकडून ट्रकमध्ये बसतानाच मजुराच्या अंगात आलेली हवी असते.

'त्यांना चालतं' या वाक्याचा इतिहास याहूनही जुना आहे. १७९३ साली फिलाडेल्फियात, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या राजधानीत, पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे ५००० माणसं गेली, शहराच्या जवळजवळ एक दशांश. त्या काळचे सर्वांत नामांकित डॉक्टर बेंजामिन रश यांची समजूत अशी की काळ्या लोकांना हा ताप होत नाही. त्यांनी आवाहन केलं आणि अ‍ॅबसलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र काळे नागरिक घरोघरी रुग्णांची सेवा करायला, प्रेतं उचलायला पुढे आले. त्यांच्यातले दोनशेहून अधिक मेले. रश यांची समजूत अगदी हवेतून आलेली नव्हती, हे लक्षात घ्या. आफ्रिकेत किंवा कॅरिबियन बेटांवर जन्मलेल्या काहींना लहानपणीच हा ताप येऊन गेलेला असे आणि तो एकदा आला की पुन्हा येत नाही. जे दिसत होतं ते लहानपणी वाचलेल्यांचं नशीब होतं; रश यांना त्यात रंगाचा गुण दिसला. साथ सरल्यावर याच सेवेकऱ्यांवर पैसे उकळल्याचा छापील आरोप झाला आणि १७९४ मध्ये जोन्स-अ‍ॅलन यांना पुस्तिका काढून हिशेब द्यावा लागला. इकडे मुंबईत येणाऱ्या इंग्रजांमध्ये म्हण होती, दोन पावसाळे हेच माणसाचं आयुष्य. त्यांना मारत होते ते ताप आणि हगवण. दोष मात्र गेला हवेला आणि उन्हाला. त्यातून महाबळेश्वर-माथेरान वसले, सोला टोपी आली आणि एक सोयीस्कर श्रमविभागणीही पक्की झाली: साहेबाला ऊन बाधतं, कुलीला बाधत नाही. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या सैनिकांनी ती टोपी टाकून दिली, उन्हात फिरले, काही बिघडलं नाही. टोपी गेली. विभागणी राहिली, फक्त साहेब बदलला.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांवर माणसं दगावली, आणि तीही अशा तापमानात ज्याला अकोल्याचा माणूस साधा उन्हाळा म्हणेल. प्रत्येक शहरात मृत्यू वाढायला लागतात तो तापमानाचा उंबरठा वेगवेगळा असतो आणि उष्ण शहरांत तो वर असतो, हेही अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मग सवय खरीच ना? खरीच. पण ती कुठे साठवलेली आहे ते पाहा. मे महिन्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला लोक जातात. वर्षातला सर्वांत तापलेला महिना. पण निघतात पहाटे, अंधार असताना. ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी येतात आणि दुपारी सावलीत, ओसरीवर बसून पुडे बांधतात. संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, नेऊन देतात. शंभर पुस्तकं वाचून कुणी उष्णतेची कार्ययोजना आखली तरी ती याहून चांगली व्हायची नाही. जुनी धाब्याची घरं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, डोक्याला बांधलेला शेला, आंबील, ताक, कैरीचं पन्हं, दुपारी ओस पडणारे रस्ते. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाचं अनुकूलन कातडीत कमी आणि घड्याळात, घरात, डोक्यावरच्या फडक्यात जास्त आहे.

त्याच माणसाला तिथून उचलून शहरात आणलं तर? पत्र्याची खोली, रात्रीही भिंत गरम. कामाची वेळ ९ ते ६. सिमेंटचा स्लॅब एकदा सुरू झाला की मधे सोडता येत नाही, जोड पडतो, म्हणून ठेकेदार दुपारी हात थांबवू देत नाही. (त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण स्लॅब सकाळी दहालाच सुरू करायचा असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?) पाण्याचा पिंप खाली, माणूस पाचव्या मजल्यावर. बाईला तर लघवीला जायला जागा नाही म्हणून ती पाणीच पीत नाही. म्हणजे सवयीचा जो खरा साठा होता तो आपण एकेक करून काढून घेतला आणि वर म्हणतो, याला सवय आहे!

शिवाय सवयीला छत आहे, आणि ते सर्वांना सारखं आहे. घाम वाळला तरच अंग थंड होतं. हवाच ओलीने भरली असेल तर घाम नुसता निथळतो, काम करत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं ते ३५ अंशांच्या वर काही तास राहिलं, तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला निरोगी माणूसही तगू शकत नाही, असं शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडलं. पुढे पेन्सिल्व्हेनियात तरुण, धट्ट्याकट्ट्या लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तर दमट हवेत हलकंसं काम करतानाही शरीराचा तोल याच ओल्या फडक्याच्या मापाने ३१ अंशांच्या आसपासच सुटताना दिसला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात लाखो लोक बसले होते. पारा ३८ च्या आसपास, म्हणजे नागपूरकर हसेल असा. पण ती कोकणची दमट हवा होती. १४ जण गेले. ते काही स्वीडनहून आलेले पाहुणे नव्हते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. तेही पिढ्यान्‌पिढ्या गुजरातच्या उन्हात वाढलेले लोक. त्यानंतर २०१३ साली तिथे उष्णता कार्ययोजना आली, कारण तिथल्या पालिकेने 'सवय आहे' म्हणणं सोडून दिलं.

मृत्यू हा तरी दिसतो. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांचं जे झालं ते दिसायलाच वर्षं गेली. एल साल्वादोर, निकाराग्वा इथल्या किनारी पट्ट्यांत तिशी-चाळिशीतल्या पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. २००२ मध्ये डॉक्टरांनी ही नोंद केली. निकाराग्वातल्या चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला लोक 'विधवांचं बेट' म्हणू लागले. कारणांचा शोध अजून सुरू आहे, पण रोज उन्हात अंगमेहनत आणि अपुरं पाणी यांच्यावरचा संशय सर्वांत मोठा आहे. हे मजूर उन्हाला सरावलेलेच होते. सरावलेले होते म्हणून चक्कर येऊन पडले नाहीत, काम करत राहिले, आणि आतून मूत्रपिंडं झिजत राहिली. बीड-अहिल्यानगरकडच्या कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड जोडप्यांची, आठवण यायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, कारण तीही माझ्या मते हा वाद वाईट लढते आहे. शरीरांमधल्या फरकांबद्दल बोलूच नये, बोललात की वंशवादाचं दार उघडतं, असं तिचं म्हणणं. ही भीती पोकळ नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी हिंदुस्थानातल्या लोकांची नाकं मोजून घेतली. नाकाच्या रुंदीला लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं, की निर्देशांक तयार. त्यावरून त्यांनी सिद्धान्त काढला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. म्हणजे पितळी कॅलिपर हातात घेऊन माणसाची पायरी ठरवायची. हे वाचून आजही अंगावर काटा येतो. पण रिस्लींना कशाने हरवलं? गप्प बसून नव्हे. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्यांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं की जातीची उतरंड आणि नाकाची उतरंड देशभर जुळत नाही. एका प्रांतातला ब्राह्मण दुसऱ्या प्रांतातल्या ब्राह्मणापेक्षा आपल्याच प्रांतातल्या इतर जातींशी जास्त मिळताजुळता निघतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमाची चिकित्सा करताना नेमक्या याच मोजमापांचा आधार घेतला आणि निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, तेव्हा अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधणं सोडा. शत्रूचंच माप, शत्रूच्याच गळ्यात.

घुर्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, जे पुढे नाझींच्या वंशविचाराचे मोठे शास्त्री ठरले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडलेला आहे, हे फिशर यांना दाखवायचं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या तोंडावर, पदवी त्याच्या हातात असताना! मोजणं नाकारून त्यांना हे करता आलं नसतं.

आणि त्या नाकाचं पुढे काय झालं? रुंद-अरुंद नाकाचा संबंध हवामानाशी असावा असा अंदाज थॉमसन आणि बक्स्टन यांनी १९२३ मध्येच बांधला होता. २०१७ साली पश्चिम आफ्रिका, दक्षिण आशिया, पूर्व आशिया आणि उत्तर युरोप अशा चार मुळांच्या लोकांची मापं घेऊन झालेल्या अभ्यासात दिसलं की नाकपुड्यांची रुंदी त्या-त्या प्रदेशाच्या तापमानाशी आणि हवेतल्या ओलाव्याशी जुळते. थंड, कोरडी हवा फुप्फुसात जाण्याआधी ऊबदार आणि ओलसर व्हायला हवी, त्यासाठी अरुंद वाट बरी. उष्ण, दमट प्रदेशात त्याची गरज नाही. ज्या नाकावरून साहेबाने माणसाची जात लावली, ते नाक बिचारं श्वासाची हवा दमट करत बसलं होतं. हे कळल्यावर वंशवादाला बळ मिळतं की त्याची फजिती होते?

फरक नाकारण्याने नुकसान कुणाचं होतं हेही पाहायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला फोटो वैद्यकीय जगात गाजला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याभोवतीच्या खेड्यांत जन्मणारी मुलं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगात त्या मानाने स्नायू कमी आणि चरबी टिकून. 'सगळी शरीरं सारखी' म्हणून युरोपचीच पट्टी लावली असती तर आपल्याकडचे कितीतरी बारीक दिसणारे मधुमेही उशिरा सापडले असते. तसंच ब्रिटनमध्ये. तिथे गेलेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांना १९६०-७०च्या दशकांत मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) होऊ लागला, कारण ग्लासगोच्या फिक्या उन्हात सावळ्या कातडीला पुरेसं ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. आज लेस्टर किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी आई-बापांना डॉक्टर बाळाला थेंब द्यायला सांगतो, त्यामागे फिक्या उन्हाचं आणि रंगाचंही खरं विज्ञान आहे. उपचार देण्यासाठी फरक बघणं आणि हक्क नाकारण्यासाठी फरक बघणं, या दोन गोष्टी एका टोपलीत टाकल्या की फायदा रिस्लीच्या वारसांचाच.

म्हणून दुपारच्या कामबंदीच्या वादात मला दोन्ही बाजूंना शरीराबद्दल नेमकं बोलायला लावायचं आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरचं काम बंद असतं, अमिरातीतही दुपारची सक्तीची विश्रांती आहे. मजुरांच्या हक्कांबद्दल ज्या देशांचं नाव फारसं चांगलं नाही त्यांना हे जमतं, तिथे काम करणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला ते मिळतं, आणि त्याच माणसाचा भाऊ नागपूरला सेंट्रिंगच्या फळ्या लावतो तेव्हा त्याला सवय असते! अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशी सांगतात की उन्हात नव्याने काम सुरू करणाऱ्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच काम द्यावं आणि मग रोज २० टक्क्यांनी वाढवावं. अनुभवी माणूस सुट्टीवरून परतला तरी त्याला पहिल्या दिवशी निम्मंच. कारण उन्हात मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं कामाच्या पहिल्या काही दिवसांत मरतात.

आपल्याकडे मात्र वीटभट्टीवर हजारी विटेचा भाव ठरलेला असतो, बांधकामावर काम उक्तं असतं, आणि उचल आधीच घेऊन झालेली असते. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम म्हणजे पाचवा हिस्सा मजुरी, म्हणून मजूर स्वतःच पहिल्या दिवसापासून जीव तोडून राबतो आणि मुकादम सांगतो की बघा, यांना काही होत नाही. शरीराला सवय लागेपर्यंतचे ते पहिले काही दिवस कमी कामाचे असतात, पण पोट पूर्ण मजुरीचं असतं. जे सवयीचा दाखला देतात त्यांनी दुपारच्या सुट्टीवर वाद घालण्याआधी त्या दिवसांची उरलेली मजुरी कुणाच्या खिशातून जाणार, तेवढं सांगावं.